तुपक हे मुळात खेळणे

ईदीच्या पैशांतून पोरांची पहिली खरेदी होते ती प्लॅस्टिकच्या पिस्तुलाची. काळा दस्ता, पिवळ्या गोळ्या आणि संध्याकाळपर्यंत मोडलेला घोडा. हे सगळीकडे सारखेच, आमच्या तेल्हाऱ्यातही तसेच. पण पोराच्या हातात पिस्तूल दिसले, मग ते खेळण्यातले का असेना, की आमच्या मोहल्ल्यातल्या आया इतरांपेक्षा जरा लवकर घाबरतात. “वो अंदर ला पहले,” अशी हाक येते. ती का येते, हे या अंकाच्या वाचकांना समजावून सांगायला नको. आम्हाला बोलायचे आहे ते या खेळण्याच्या खानदानाविषयी.

महमूद काश्गरी या विद्वानाने १०७०च्या दशकात बगदादमध्ये तुर्की बोलींचा अरबी कोश सिद्ध केला. त्यात ‘तुवेक’ असा एक शब्द येतो. वाळुंजाच्या ओल्या फांदीची साल अखंड सोलून घ्यायची, तिची नळी होते. त्या नळीत गोळी घालून चिमण्या टिपायच्या. ही नळी म्हणजे तुवेक. बंदुकीची दारू त्या मुलखांत माहीत होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. पुढे नळीतून गोळी उडवणारे खरे हत्यार आले तेव्हा त्याला हेच जुने नाव चिकटले. तुर्कीत तुफेक, फारसीत तुफंग आणि मराठीत तुपक! आमच्या बखरींतून जी तुपक कडाडते, तिचे बालपण असे चिमण्यांमागे धावण्यात गेले आहे.

बंदुकीचेही तेच. अरबीत ‘बुंदुक’ म्हणजे सुपारीएवढे एक कवचाचे फळ. त्याच्या आकारावरून मातीच्या वाळवलेल्या गोळीला ते नाव पडले आणि गोळीवरून हत्याराला. तोफ आली ती तुर्की ‘तोप’वरून, आणि तुर्कीत आजही पोरे ज्याला लाथा मारतात त्या चेंडूला तोपच म्हणतात. घरातली गुलेल आणि शाळेतली गलोल एकच. तिच्या मुळाशी फारसी ‘ग़ुलूला’, म्हणजे पुन्हा गोळाच. खेळण्याने हत्याराची नक्कल केली असे आपण समजतो. शब्दांचा दाखला उलटा आहे.

गुलेल म्हणजे पूर्वी दुबेळके नव्हते. दोन दोऱ्यांची कामठी, दोऱ्यांच्या मध्ये कापडाचा किंवा चामड्याचा तुकडा, त्यात मातीची गोळी. बगदादचा खलीफा अन्-नासिर (कारकीर्द ११८० ते १२२५) याला या गोळीधनुष्याचा एवढा शौक की, ‘फुतुव्वा’ ही तरुणांची बंधुसंघटना आणि गोळीने पाखरे टिपण्याची कला, दोन्हींचे सूत्र त्याने स्वतःकडे घेतले. रबराची गलोल त्यामानाने काल-परवाची. रबर पक्के करण्याची युक्ती गुडइयरला १८३९मध्ये सापडली आणि सायकलच्या हवेच्या ट्यूबा आल्या त्या १८८८नंतर.

या खेळासोबत एक अदबही चालत आली. बुखारीच्या हदीससंग्रहात शिकारीच्या प्रकरणात ‘खज़्फ आणि बुंदुका’ असा एक छोटा बाब आहे. खज़्फ म्हणजे बोटांनी खडा उडवणे. पैगंबरांनी (स.) त्याला मनाई केली आणि कारण अगदी व्यवहारातले दिले: त्याने ना शिकार साधते, ना शत्रू जायबंदी होतो, दात मात्र पडतो, डोळा फुटतो. पोरांना दटावणाऱ्या कोणत्याही आजीचे म्हणणे याहून वेगळे नसते. त्याच प्रकरणात हजरत इब्न उमर यांचे मत येते की, बुंदुक्याने मेलेले जनावर म्हणजे मार लागून मेलेले; ते खाऊ नये. गुलेलीने पाडलेला होला जिवंत हाती लागून ज़बह झाला तरच हलाल, हा नियम त्या धोरणातला. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पाखरांवर नेम धरणेच बंद केले, तेव्हा तो प्रश्नही मिटला.

आमच्या भागाने खऱ्या तोफाही पाहिल्या आहेत. नरनाळ्यावर नऊगजी तोफ अजून आहे. तेल्हारा तालुक्यातल्या अडगावच्या शिवारात २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला. ३८ तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या. त्या दिवशी भोसल्यांच्या बाजूने इंग्रज पलटणींवर तुटून पडलेल्यांत परदेशातून आलेल्या मुसलमान शिपायांची एक तुकडी होती. ती जवळजवळ सगळी कापली गेली. वेलस्लीची कीर्ती पुढे वॉटर्लूपर्यंत गेली; या शिपायांना अडगावच्या मातीपलीकडे काही मिळाले नाही. ते कुणाच्या बाजूने लढले, एवढे तरी आपल्या पोरांना माहीत असावे.

विदर्भाच्या पूर्वेला, बस्तरमध्ये, जगदलपूरच्या गोंचा उत्सवात बांबूच्या नळीतून पेंग नावाची फळे एकमेकांवर उडवतात. त्या नळीचे नाव ‘तुपकी’. जगन्नाथाचा रथ, आदिवासी कारागिराचा बांबू आणि नाव तुर्की! कुणी शब्दांची जातपात विचारू लागला तर आम्ही त्याला जगदलपूरचा रस्ता दाखवतो.

तुपकी घरीही होते, बांबू नसला तरी. रिकाम्या बॉलपेनची नळी घ्यावी, बटाट्याची बोटभर जाड चकती कापावी. नळीचे एक टोक चकतीत दाबले की बूच बसते. मग दुसरे टोक दाबावे. आता नळीत सैल जाईल अशा काडीने मागचे बूच झटकन आत ढकलायचे. दोन बुचांमधली हवा दाबली जाते आणि पुढचे ‘टप्’ करून उडते. हळू ढकलले तर हवा बाजूने निसटते आणि काहीच होत नाही. हे पोरांना दोन मिनिटांत स्वतःच कळते. नेम भिंतीवरच्या खडूच्या गोलावर, माणसावर नाही. आपल्या भावाकडे हत्यार रोखणाऱ्यालाही हदीसमध्ये सक्त ताकीद आहे, आणि खेळात तर समोर नेहमी भाऊच असतो. एका बटाट्यावर मोहल्ल्यातली दहा पोरे दुपारभर खेळतात. उरलेला, भोके पडलेला का होईना, सालनात जातो.