१४९२ ला हात लावू नये

कराडच्या आमच्या घरी फोनच्या टेबलाच्या खणात एक दोनशे पानी वही असायची. पहिल्या पानावर गॅसचा ग्राहक क्रमांक, मग नातेवाइकांचे फोन, मग विजेच्या मीटरचा नंबर. आणि मधेच एका पानावर बाबांच्या शिक्षकी अक्षरात, खाली रेघ मारून लिहिलेलं शीर्षक: 'इंटरनेटची मांडणी'. त्याखाली एवढंच:

व्हीपीआय ०. व्हीसीआय ३५. एलएलसी. पीपीपीओई. एमटीयू १४९२ (कोलंबस).

२००८ साली मोडेम बसवायला आलेल्या माणसाला थांबवून थांबवून बाबांनी हे उतरवून घेतलं होतं. "पण हे पस्तीस म्हणजे काय?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "सर, ते तसंच टाकायचं असतं." बाबा हायस्कूलमध्ये इतिहास शिकवायचे. सनावळीबद्दल कुठल्या पोरानं असं उत्तर दिलं असतं तर त्याला बाकावर उभं राहावं लागलं असतं. इथे मात्र ते मुकाट्यानं लिहीत राहिले. फक्त १४९२ आल्यावर खुलले आणि कंसात कोलंबस लिहिला.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हे पान कधी उघडलं नसेल. सिम घातलं की नेट येतं. तेव्हा तसं नव्हतं. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ असा पत्ता टाकायचा, नाव 'अॅडमिन', पासवर्डही 'अॅडमिन', की एक करड्या रंगाचं कुरूप पान उघडायचं. त्यात एक कोपरा 'अॅडव्हान्स्ड' नावाचा. तिथे जाऊ नये असं सगळे सांगायचे, म्हणून मी अकरावीत असताना तिथे बराच वेळ असायचे. त्या पानावरचा जवळजवळ प्रत्येक आकडा म्हणजे कुणाच्या तरी भांडणाचा किंवा तडजोडीचा अवशेष आहे, हे कळायला मला पुढची दहा-बारा वर्षं लागली.

सुरुवात तारेपासून करते. फोनवर आपण जे बोलतो ते सगळं साधारण ४ किलोहर्ट्झच्या आत मावतं. त्याच्या वर तांब्याच्या तारेत भरपूर जागा रिकामी पडून होती. १९८० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत बेलकोर या संशोधन संस्थेतल्या जोसेफ लेक्लायडर यांनी एक गोष्ट हेरली. एकाच जाड केबलमध्ये शेजारी शेजारी शेकडो तारा असतात आणि त्या एकमेकींच्या कानात बोलतात. दोन्ही दिशांनी सारख्याच वेगानं माहिती पाठवली तर हा गोंगाट फार होतो. मग घराकडे येणारा वेग जास्त आणि घरातून जाणारा कमी ठेवला तर? एडीएसएलमधला पहिला 'ए' म्हणजे ही असमानता. गंमत अशी की हे सगळं इंटरनेटसाठी चाललंच नव्हतं. फोन कंपन्यांना तारेवरून घरोघरी सिनेमे विकायचे होते. सिनेमा बघणाऱ्याला वर पाठवायचं ते काय, 'हा लाव' एवढंच. सिनेमाचा तो धंदा काही जमला नाही, तंत्र तेवढं उरलं, आणि मग इंटरनेट आलं.

दुसरं नाव स्टॅनफर्डच्या जॉन चिओफी यांचं. त्यांची पद्धत अशी, की तारेतल्या रिकाम्या जागेचे २५६ अरुंद पट्टे पाडायचे, प्रत्येक ४.३१२५ किलोहर्ट्झचा. ज्या पट्ट्यात खरखर जास्त तिथे कमी ओझं द्यायचं, जो स्वच्छ त्याच्यावर जास्त लादायचं. १९९३ मध्ये बेलकोरमध्ये स्पर्धक पद्धतींची चाचणी झाली, त्यात चिओफींच्या छोट्या कंपनीचा मोडेम सरस ठरला. आमच्या मोडेमवरचा हिरवा दिवा आधी लुकलुकायचा आणि मग स्थिर व्हायचा, तेव्हा तो खरं तर हे पट्टे एकेक करून चाचपून बघत असायचा. पावसाळ्यात त्याला जास्त वेळ लागायचा. एक्स्चेंज जितकं लांब तितका वेग कमी, आणि पाच-सहा किलोमीटरच्या पलीकडे तर आशाच सोडायची.

आता ते ०/३५. दिवा स्थिर झाला तरी नेट येईलच असं नाही, कारण दिवा फक्त तार जुळल्याचं सांगतो. त्या तारेवरून माहिती एटीएम नावाच्या पद्धतीनं जायची (बँकेच्या एटीएमशी काही संबंध नाही). या पद्धतीत सगळी माहिती ५३ बाइटच्या एकसारख्या डब्यांत भरायची. त्यात ४८ बाइट माल आणि ५ बाइट पत्ता. ४८ का? युरोपवाल्यांना, विशेषतः फ्रेंचांना, ३२ हवे होते. डबा मोठा असेल तर आवाजानं तो भरायला जास्त वेळ लागतो आणि फोनवर प्रतिध्वनी ऐकू येतो. फ्रान्स आकारानं बेताचा, त्यामुळे छोटे डबे वापरले तर प्रतिध्वनी मारणारी महागडी यंत्रं त्यांना टाळता आली असती. अमेरिकेला अंतरांमुळे ती यंत्रं बसवावीच लागत होती, म्हणून त्यांना ६४ चे ऐसपैस डबे हवे होते. १९८९ मध्ये दूरसंचाराची मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीत शेवटी दोघांची सरासरी काढली. ४८. इंजिनिअर मंडळी यावर अजूनही नाकं मुरडतात, पण मला हा निर्णय फार आवडतो. भाऊबंदकीत बांध असाच तर मधोमध घालतात.

पाच बाइटच्या पत्त्यात वाटेचे दोन आकडे असतात, व्हीपीआय आणि व्हीसीआय. व्हीसीआयमधले ० ते ३१ हे आकडे यंत्रणेच्या स्वतःच्या कामासाठी राखीव, त्यामुळे लोकांसाठीच्या वाटा ३२ पासून सुरू व्हायच्या. मुंबई-दिल्लीत एमटीएनएलनं ०/३२ घेतला, बीएसएनएलनं ०/३५. या निवडीमागे कुठलाही निसर्गनियम नाही. एक्स्चेंजमधल्या यंत्रात आणि घरातल्या मोडेममध्ये एकच आकडा हवा, इतकंच. म्हणजे तो माणूस खरं बोलला होता. ते तसंच टाकायचं असतं.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलनं सामान्य लोकांसाठी इंटरनेट खुलं केलं, ते फोन फिरवून जोडायचं. जोडणी चालू असेपर्यंत घरचा फोन बंद. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणानं २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणायचं ठरवलं आणि जानेवारी २००५ पासून सरकारी कंपन्यांची डीएसएल घरोघरी येऊ लागली. २५६ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ३२ किलोबाइट. पाच एमबीचं एक गाणं उतरायला पावणेतीन मिनिटं. आमच्या प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ मोजमाप नव्हतं, म्हणून मी उशीखाली गजराचं घड्याळ ठेवून झोपायचे. आईला वाटायचं, पोरगी पहाटे अभ्यासाला उठते.

अशाच एका रात्री कुणाच्या तरी सांगण्यावरून मी एमटीयू १४९२ चा १५०० केला. मोठा आकडा, जास्त वेग. त्या वयात हा तर्क पटतो. सेव्ह केलं. गूगल उघडलं, मेल उघडली. वेग वाढल्यासारखाही वाटला. मी झोपले.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. दादा तेव्हा पुण्याला हॉस्टेलवर होता आणि जर्मनीतल्या एका विद्यापीठाला अर्ज करत होता. त्याच्या मूळ गुणपत्रिका घरी कपाटात. बाबांनी शनिवारी चौकातल्या दुकानातून सहा कागद स्कॅन करून पेन ड्राइव्हवर आणले होते. सोमवार शेवटचा दिवस. मेल लिहिली, कागद जोडायला घेतले, आणि पट्टी थोडी सरकून थांबली. पुन्हा केलं, पुन्हा थांबली. नुसती मेल पाठवली तर झटक्यात जायची. काही साइट उघडायच्या, काही नुसत्या पांढऱ्या. दादा दर अर्ध्या तासानं लँडलाइनवर फोन करत होता, आणि फोन मात्र त्याच तारेवरून स्वच्छ चालू होता. रविवार म्हणून कॅफे बंद. बाबांनी कॉम्प्युटर चार वेळा बंद-चालू केला. मोडेमच्या मागच्या भोकात टाचणी खुपसावी का, यावर आई आणि बाबांचं वाजलं, कारण तसं केलं तर सगळंच पुसलं जाणार.

माझ्या पोटात गोळा आला होता. काय बदललं ते मला आठवत होतं, पण आधी काय होतं ते आठवत नव्हतं. आणि बोलायची हिंमत नव्हती.

रात्री नऊच्या सुमारास बाबांनी वही काढली. चष्मा लावून ते करडं पान उघडलं आणि बोट ठेवून एकेक ओळ ताडून पाहू लागले. शून्य, बरोबर. पस्तीस, बरोबर. एलएलसी. पीपीपीओई. मग थांबले.

"कोलंबस कुठे गेला?"

कुणी काही बोललं नाही. त्यांनी १५०० खोडून १४९२ टाकलं, सेव्ह केलं, दिवे लुकलुकून स्थिर झाले. पाच मिनिटांत सहाही कागद गेले. बाबांनी दादाला फोन करून सांगितलं आणि मग वहीत त्या ओळीपुढे लाल पेनानं लिहिलं: 'हात लावू नये.'

यामागचं कारण मला नोकरी लागल्यावर कळलं. इथरनेट हे कॉम्प्युटर जोडायचं तंत्र. त्याच्या १९८० च्या मानकात एका पुडक्यात जास्तीत जास्त १५०० बाइट माल, असं ठरलं. दरम्यान डायल-अपच्या काळात इंटरनेट कंपन्यांनी नाव-पासवर्ड आणि बिलाची सगळी यंत्रणा पीपीपी नावाच्या पद्धतीवर उभी केली होती. डीएसएल आल्यावर कनेक्शन कायम चालू, फोन फिरवणं संपलं. पण मग कोण आलं, किती वेळ आलं, बिल कुणाला, हे कसं कळणार? नवी यंत्रणा बांधण्यापेक्षा त्यांनी जुनीच इथरनेटच्या आत कोंबली. फेब्रुवारी १९९९ मध्ये तिचा मसुदा निघाला, तीच पीपीपीओई. म्हणजे मोडेम रोज एक असा कॉल लावत होता जो कॉल नव्हताच. या नाटकाची किंमत प्रत्येक पुडक्यामागे ८ बाइट, सहा वरच्या वेष्टणाचे आणि दोन आतल्या. १५०० वजा ८, १४९२.

मी १५०० केल्यावर लहान पुडकी नेहमीसारखी जात होती, म्हणून गूगल उघडत होतं. काठोकाठ भरलेली पुडकी मात्र वेष्टणासह १५०८ ची होऊन वाटेत गुपचूप टाकली जात होती. खरं तर असं पुडकं टाकणाऱ्यानं 'फार मोठं आहे' अशी चिठ्ठी परत पाठवायची असते. पण सुरक्षेच्या नावाखाली अनेक जण त्या चिठ्ठ्याच अडवतात. मग पाठवणारा वाट पाहत बसतो, पुन्हा तेवढंच पुडकं पाठवतो, ते पुन्हा नाहीसं होतं. चूक झाल्याचं कुणीच सांगत नाही. त्या रविवारी आमच्या घरातही तेच चाललं होतं.

माझा उपद्रव घरापुरता होता. ब्राझीलमध्ये २०११-१२ च्या सुमारास चोरांनी सुमारे ४५ लाख डीएसएल मोडेममध्ये दुरून शिरून डीएनएसचे आकडे बदलले. लोक आपल्या बँकेचा पत्ता अचूक टाकत होते आणि भलत्याच पानावर पोहोचत होते. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ग्राहकांच्या मोडेमवरही हल्ला झाला, तेव्हा कंपनीनं सगळ्यांना मूळचा पासवर्ड बदलायला सांगितलं. अॅडमिन-अॅडमिन. दाराला कुलूप, आणि किल्ली कुलपालाच लटकवलेली.

गेल्या वर्षी कराडला फायबर आलं. खांबावरून नवी बारीक केबल आत घेतली, तांब्याची तार भिंतीतच राहिली. बसवायला आलेल्या मुलाला बाबांनी आकडे विचारले. तो हसून म्हणाला, "आजोबा, आता काही टाकावं लागत नाही, सगळं आपोआप होतं." तो गेल्यावर बाबांनी खणातून वही काढली आणि माझ्यासमोर धरली. "बघून सांग."

मी फोनवरच राउटरचं पान उघडलं. व्हीपीआय नव्हता. व्हीसीआय नव्हता. ५३ बाइटचे डबे, २५६ पट्टे, सगळं गेलेलं. जोडणीचा प्रकार मात्र पीपीपीओईच. मी वाचत होते, बाबा कोऱ्या पानावर उतरवत होते. हात आता थरथरतो, पण अक्षर तेच.

"एमटीयू," मी म्हटलं.

"तो लिहिलाय."

मग मी त्यांना २००८ च्या त्या रात्रीचं सांगितलं. गजराचं घड्याळसुद्धा. त्यांनी मान वर केली नाही. "पासवर्ड सांग आता," म्हणाले, "आणि सावकाश सांग."