अस्वलापुरती बंदूक

५ मे १८०५ रोजी, आजच्या मोंटाना राज्यात, मिसुरी नदीच्या काठी विल्यम क्लार्क आणि जॉर्ज ड्रुयार या दोघांनी एक भलेथोरले तपकिरी अस्वल मारले. त्याच्या अंगात दहा गोळ्या सापडल्या. त्यांतल्या पाच फुप्फुसांतून गेलेल्या. एवढे होऊनही ते जनावर डरकाळ्या फोडत नदीत उतरले, अर्ध्याहून अधिक पात्र पोहून वाळूच्या एका बेटावर चढले आणि तिथे त्याचा जीव जायला निदान वीस मिनिटे लागली.

क्लार्कच्या शोधमोहिमेचा दुसरा नायक मेरिवेदर लुईस याने आठवडाभरापूर्वीच पहिले ग्रिझली, म्हणजे असेच तपकिरी अस्वल, पाहिले होते. त्या वेळी तो निर्धास्त होता. इथले मूळ रहिवासी सहा, आठ, दहा जणांची टोळी केल्याशिवाय या अस्वलाच्या वाटेला जात नाहीत, लढाईला निघाल्यासारखे अंगाला रंग लावून निघतात आणि तरीही एखादा माणूस गमावतात, हे त्याच्या कानावर आलेले होते. पण त्यांच्याकडे धनुष्यबाण आणि व्यापाऱ्यांनी गळ्यात मारलेल्या सुमार बंदुका. आपल्याकडे रायफली आणि कसलेले नेमबाज, असा त्याचा हिशेब. क्लार्कच्या अस्वलानंतर दुसऱ्याच दिवशी त्याने रोजनिशीत कबुली दिली, की या प्राण्याबद्दल आपल्या माणसांचे कुतूहल आता पुरेसे शमले आहे.

अस्वलापासून बचावासाठी कोणती बंदूक घ्यावी, हा प्रश्न अमेरिकेत विचारला जातो तो तेव्हापासून. त्याची उत्तरे बदलत गेली आणि त्यांतून बंदुकांचे एक आख्खे कूळ उभे राहिले. या कुळाची गंमत अशी, की त्यातले बहुतेक वंशज शिकारीसाठी जन्मले आणि बचावाच्या कामाला जुंपले गेले. ही दोन कामे वेगळी आहेत हे ध्यानात यायला मात्र पावणेदोनशे वर्षे गेली.

लुईसच्या माणसांच्या हातात होती ती चकमकीची, ठासणीची रायफल. नळीत दारू ओतायची, चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी तोंडावर बसवायची, ठासणीने ती तळापर्यंत दाबायची, रंजकदाणीत चिमूटभर बारीक दारू घालायची, घोडा चढवायचा. मग एक बार. सरावलेल्या हातालाही एवढ्याला अर्धे मिनिट सहज लागे. रायफलीच्या नळीला आटे असल्याने गोळी घट्ट बसवावी लागे, त्यामुळे ठासायला साध्या बंदुकीपेक्षाही जास्त वेळ जाई. हरणाच्या शिकारीत याने काही बिघडत नाही. पहिला बार चुकला तर हरीण पळते आणि आपण पुन्हा ठासत बसतो. ग्रिझली पळतच येते, पण उलट्या दिशेने.

१४ मे रोजी सहा शिकारी एका अस्वलावर चालून गेले. चौघांनी जवळजवळ एकदमच बार काढले, दोघांनी राखून ठेवले. अस्वल उसळून अंगावर आले, तेव्हा उरलेल्या दोघांनीही झाडले. आता सहाही बंदुका रिकाम्या. मग जी पळापळ झाली तीत दोघे होडीकडे धावले, काही झुडपांत लपून ठासू लागले. दोघांनी तर बंदुका टाकून सुमारे वीस फुटांच्या उभ्या दरडीवरून नदीत उड्या घेतल्या. त्यांच्यामागोमाग अस्वलानेही उडी घेतली. काठावरच्या एकाची बंदूक वेळेत भरून झाली होती म्हणून निभावले. त्याची गोळी अस्वलाच्या डोक्यात बसली.

महिनाभराने पाळी खुद्द लुईसवर आली. ग्रेट फॉल्सच्या धबधब्यांजवळ त्याने एक बायसन टिपला, तो पडायची वाट पाहत उभा राहिला आणि पुन्हा बार भरायला विसरला. मागे वळून पाहतो तो वीस पावलांवर अस्वल. उघडे माळरान, आडोसा नाही. ऐंशी यार्डांवरच्या नदीकडे तो पळाला, कमरेइतक्या पाण्यात शिरला आणि हातातला अधिकाऱ्याचा भाला रोखून उभा राहिला. अस्वल वीस फुटांवर थबकले आणि का कोण जाणे, माघारी पळाले. त्या वेळी त्याच्याजवळची रायफल म्हणजे नुसता लाकूड-लोखंडाचा दांडा होता. यापुढे बंदूक क्षणभरही रिकामी ठेवायची नाही, असा नेम त्याने केला. बचावाच्या बंदुकीचा पहिला नियम हाच, आणि त्यात गोळीच्या आकाराचा उल्लेख नाही.

पुढच्या पिढीने मात्र आकाराकडेच पाहिले. सेंट लुईसमध्ये जेकब आणि सॅम्युएल हॉकेन या भावांनी रॉकी पर्वतात जाणाऱ्या फासेपारध्यांसाठी आखूड, जाडजूड नळीची, अर्धा इंच किंवा त्याहून मोठ्या गोळीची रायफल बनवली. चकमकीच्या जागी टोपी आली, त्यामुळे पावसात बार फुसका जाण्याचे प्रमाण घटले. तरी भरायची रीत तीच; एक बार, मग ठासणी.

यादवी युद्धाच्या सुमारास धातूच्या काडतुसाने ठासणीला सुट्टी दिली. १८६० च्या हेन्री रायफलीत नळीखालच्या नळकांड्यात ओळीने काडतुसे बसत आणि चापाभोवतीची कडी खाली-वर केली की नवे काडतूस नळीत येई. सोळा बार न थांबता काढता येऊ लागले; पण काडतूस अशक्त, माणसापुरते. अस्वलाला हवी तशी जड गोळी दुसऱ्या घराण्यात होती. अमेरिकी लष्कराने १८७३ मध्ये .४५-७० हे काडतूस घेतले: इंचाच्या पंचेचाळीस शतांश व्यासाची, सुमारे २६ ग्रॅम वजनाची शिशाची गोळी आणि मागे ७० ग्रेन, म्हणजे साडेचार ग्रॅम काळी दारू. ते उडवणारी लष्करी रायफल एकबारी. म्हणजे एकीकडे वेग होता, दुसरीकडे वजन.

हे लग्न मार्लिनने १८८१ मध्ये लावून पाहिले. ते खरे जमवले यूटाच्या जॉन मोझेस ब्राउनिंगने. त्याच्या आराखड्यावरून निघालेली विंचेस्टर १८८६ ही लांब आणि दणकट काडतुसे न अडखळता पुढे सरकवी. सोन्याच्या मागे क्लोंडाइक आणि अलास्काकडे धावलेल्यांच्या काळात जड गोळी आणि पाठोपाठचे बार एकाच बंदुकीत मिळत होते. बचावाच्या बंदुकीला लागणारे जवळपास सगळे इथे जमून आले होते. गोष्ट इथेच थांबायला हरकत नव्हती.

पण धूर न करणारी दारू आली आणि शिकाऱ्यांना लांबचा पल्ला खुणावू लागला. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने १९१२ मध्ये काढलेले .३७५ मॅग्नम हे काडतूस मुख्यतः आफ्रिकेतल्या मोठ्या जनावरांसाठी होते; ते अलास्कात स्थिरावले. सुमारे साडेएकोणीस ग्रॅमची गोळी सेकंदाला ७५० मीटरहून अधिक वेगाने जाते, जुन्या .४५-७० च्या मानाने ऊर्जा दुपटीहून जास्त. १९५८ मध्ये विंचेस्टरने .३३८ मॅग्नम आणले आणि ते ज्या रायफलीत दिले तिचे नावच ‘अलास्कन’ ठेवले. दुर्बीण, लांब नळी, बोल्ट हाताने मागे-पुढे करायचा. दोनशे मीटरवर चरणारे अस्वल, वाऱ्याची दिशा, दगडावर टेकवलेला हात, रोखलेला श्वास: या बंदुका त्या क्षणासाठी आहेत. तो क्षण शिकारी निवडतो.

बचावात क्षण अस्वल निवडते. ग्रिझली थोड्या अंतरात ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास धावते. पंधरा यार्डांवरच्या झुडपातून निघाले तर पोचायला सेकंदभर. दुर्बिणीतून इतक्या जवळ नुसते केस दिसतात.

हे अंतर पहिल्यांदा गंभीरपणे धरून चाचणी केली ती अमेरिकेच्या वनखात्याने. जंगलात मोजमापाला जाणारे त्यांचे कर्मचारी शिकारीला नव्हे, नोकरीला गेलेले असत. जूनो इथल्या संशोधकांनी, विल्यम मीहान आणि जॉन थिलेनियस यांनी, बाजारात मिळणारी रायफल, शॉटगन आणि पिस्तुलाची काडतुसे पंधरा यार्डांवरून झाडून पाहिली आणि १९८३ मध्ये अहवाल दिला. गोळी किती खोल गेली, किती फुलली, फुटून तिचे किती वजन शिल्लक राहिले आणि आदळताना तिच्यात किती ऊर्जा होती, या चार कसोट्या. इतक्या जवळून वेगवान, हलकी गोळी आदळताच फुटण्याचा धोका असतो. अस्वलाच्या चरबी, स्नायू आणि खांद्याच्या हाडापलीकडे पोचते ती जड, एकसंध राहणारी गोळी. .४५८ आणि .३७५ मॅग्नम वरच्या जागी होते, पण जड गोळी घातली तर साधे .३०-०६ ही चांगले ठरले. हातातल्या पिस्तुलांपैकी .४४ मॅग्नमच काय ते रायफलींच्या जवळपास आले.

या .४४ मॅग्नमचा जनक आयडाहोचा पशुपालक आणि बंदुकांवर लिहिणारा एल्मर कीथ. जुन्या .४४ काडतुसात वर्षानुवर्षे जास्तीची दारू भरून तो प्रयोग करत राहिला. अखेर रेमिंग्टनचे काडतूस आणि स्मिथ अँड वेसनचे रिव्हॉल्व्हर असा जोड १९५० च्या दशकाच्या मध्यावर बाजारात आला. शहरी प्रेक्षकांना ते रिव्हॉल्व्हर १९७१ च्या ‘डर्टी हॅरी’ सिनेमाने दाखवले. जंगलात त्याची किंमत वेगळी होती. मासे पकडताना, तंबू ठोकताना, लाकडे तोडताना रायफल झाडाला टेकवून ठेवलेली असते. कमरेचे हत्यार कमरेलाच असते. २००३ मध्ये स्मिथ अँड वेसननेच .५०० मॅग्नम काढले. त्यातले लांब नळीचे रिव्हॉल्व्हर दोन किलोचे. पहिल्या बाराच्या धक्क्याने हात इतका वर जातो, की दुसरा नेम धरेपर्यंत अस्वल येऊन पोचलेले असायचे. ग्रीनलँडच्या बर्फात कुत्र्यांच्या गाडीने गस्त घालणाऱ्या डेन्मार्कच्या सिरियस पथकाने याच्या उलटा मार्ग धरला: कमरेला १० मिलिमीटरचे, भरपूर काडतुसांचे ग्लॉक २० पिस्तूल, आणि जोडीला पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या धाटणीची रायफल.

अलास्कात तर दोन घराणी एकाच शिकारीत शेजारी उभी दिसतात. परराज्यातल्या माणसाला तपकिरी अस्वलाच्या शिकारीला गाइड किंवा तिथला जवळचा नातलग सोबत घ्यावाच लागतो. पाहुण्याच्या खांद्यावर लांब पल्ल्याची मॅग्नम रायफल असते. त्याने जखमी करून सोडलेले अस्वल गचपणात शिरले, की आत जायचे काम गाइडचे. मार्लिनने १९९८ मध्ये ‘गाइड गन’ या नावाने जी रायफल काढली तिची नळी साडेअठरा इंचांची, आणि काडतूस १८७३ चे, तेच .४५-७०.

स्वालबार्ड या नॉर्वेच्या ध्रुवीय द्वीपसमूहात तर शिकारीचा प्रश्नच उरला नाही. १९७३ पासून तिथे ध्रुवीय अस्वलाला संरक्षण आहे. वस्तीबाहेर पडणाऱ्याकडे अस्वल पिटाळण्याचे साधन असलेच पाहिजे. बंदूकही बाळगा, असे प्रशासन सांगते, आणि अस्वल मेले तर चौकशी होते. दुसरे महायुद्ध संपल्यावर जर्मनांनी नॉर्वेत टाकून दिलेल्या माउझर रायफली अनेक वर्षे या कामी आल्या. माउझरच्या सुरक्षाखिटीला तीन जागा असतात. मधल्या जागी बोल्ट मोकळा फिरतो, काडतूस आत-बाहेर होते, पण चाप दाबला तरी बार उडत नाही. ऑगस्ट २०११ मध्ये ब्रिटिश विद्यार्थ्यांच्या तळावर सकाळी अस्वल शिरले, तेव्हा गटनायकाच्या माउझरमधून एकामागून एक काडतुसे न उडताच खाली पडली. पडलेले एक उचलून पुन्हा भरले तेव्हा कुठे ती उडाली. तोवर सतरा वर्षांच्या एका मुलाचा जीव गेला होता. काडतुसाची ताकद पुरेशी होती. घात केला तो काही सेकंदांनी.

टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि सहकाऱ्यांनी अलास्कातल्या १८८३ ते २००९ मधल्या २६९ घटना तपासून २०१२ मध्ये हेच आकड्यांत मांडले. रायफल-शॉटगनने ७६ टक्के वेळा अस्वल रोखले, पिस्तुलाने ८४ टक्के. बंदूक निकामी ठरली त्यातले सर्वात मोठे कारण वेळच मिळाला नाही हे होते, सुमारे २७ टक्के. मग बंदूक वापरलीच नाही, अडकली, अस्वल फार जवळ आले, नेम चुकला, खिटी निघाली नाही. गोळी लहान पडली, हे कारण या वरच्या ओळींत नाही. हातात बंदूक असलेल्यांमध्ये, ती झाडली किंवा न झाडली, इजा होण्याचे प्रमाण सारखेच निघाले.

याच मंडळींनी २००८ मध्ये मिरचीच्या फवाऱ्याच्या घटना तपासल्या होत्या. ऐंशीच्या दशकात मोंटाना विद्यापीठात चार्ल्स जॉन्केल यांच्या हाताखाली कॅरी हंट यांनी अस्वलांवर निरनिराळे उपाय करून पाहिले, त्यांतून हे साधन पुढे आले. डबीत एक-दोन टक्के तिखटाचा अर्क असतो. खटका दाबला की काही मीटर लांब लाल ढग पसरतो. नेम धरावा लागत नाही, अस्वल मरत नाही, जखमी होऊन चवताळत नाही. त्या अभ्यासातल्या तपकिरी अस्वलांपैकी ९२ टक्के त्याने थांबली. यातली बरीच अस्वले धावून आलेली नव्हती, नुसती चौकस होती, म्हणून हा आकडा बंदुकीच्या आकड्याशेजारी ठेवून निकाल लावता येत नाही. वाऱ्याविरुद्ध फवारा मारला तर डोळे आपलेच जळतात.

आपल्या विदर्भात मोह वेचायला पहाटे निघालेल्या माणसाची आणि अस्वलाची गाठ पडते तीही अशीच, हातभर अंतरावर. आपले अस्वल कायद्याने संरक्षित आहे; जीव वाचवताना सद्हेतूने ते मारले तर वन्यजीव कायदा गुन्हा मानत नाही, पण बंदुकीचा परवाना मोह वेचणाऱ्याकडे असतोच कुठे! तिथे घोळक्याने, बोलत, आवाज करत जाणे हाच बचाव. अलास्कातही पहिला सल्ला हाच देतात.

त्यापुढचा सल्ला आता बराचसा ठरून गेला आहे. फवारा पिशवीच्या तळाशी नको, छातीवर किंवा पट्ट्याला. बंदूक घ्यायचीच तर जड गोळीची, पण दुसरा बारही तेवढाच अचूक काढता येईल इतपतच मोठी. आणि खिटी सोडण्यापासून पहिल्या बारापर्यंतची हालचाल बोटांत बसेपर्यंत गिरवलेली. ज्याच्याकडून एवढा सराव होणार नाही, त्याने ते पैसे चांगल्या फवाऱ्यावर घालावेत.