बीसीएल-२ प्रथिन आणि श्वेत रक्तपेशींचा नियत मृत्यू : एक ऐतिहासिक विवेचन

पेशीविभाजनाच्या तुलनेत पेशीमृत्यूचा प्रश्न जीवशास्त्रात दीर्घकाळ दुय्यम मानला गेला. १९७२ मध्ये कर, वायली व करी या तीन विकृतिशास्त्रज्ञांनी पेशींच्या शिस्तबद्ध आत्मविलोपनास 'अपॉप्टोसिस' हे नाव दिले. पानगळ सुचविणारा हा ग्रीक शब्द समर्पक होता. परंतु पुढील दशकभर तो प्रामुख्याने सूक्ष्मदर्शकाखालील वर्णनापुरताच राहिला.

दरम्यान, १९८४ मध्ये त्सुजिमोतो व क्रोचे यांना लसिकापेशींच्या एका कर्करोगात वेगळाच धागा गवसला. या रोगात १८ व्या गुणसूत्राचा तुकडा १४ व्या गुणसूत्रास जोडला जातो. तेथे प्रतिपिंडांच्या जनुकाचा प्रदेश असल्याने शेजारी आलेले बीसीएल-२ हे जनुक अवाजवी सक्रिय होते. कर्करोगकारक जनुक म्हणजे विभाजनास चालना देणारे जनुक, ही तत्कालीन दृढ समजूत असल्याने बीसीएल-२ कडेही त्याच दृष्टीने पाहिले जाणे स्वाभाविक होते.

या समजुतीस छेद मिळाला तो १९८८ मध्ये, मेलबर्न येथील वॉल्टर अँड एलायझा हॉल संस्थेत. डेव्हिड वॉक्स, सुझान कोरी व जेरी अ‍ॅडम्स यांनी इंटरल्युकिन-३ या पोषक घटकावर अवलंबून असणाऱ्या रक्तपेशींमध्ये हे जनुक घातले आणि तो घटक काढून घेतला. पेशी वाढल्या नाहीत, पण मेल्याही नाहीत! प्रस्तुत लेखकाच्या मते या इतिहासातील खरे वळण हेच होय. कारण मरावयाच्या पेशींचे न मरणे हेही कर्करोगाचे मूळ असू शकते, हे येथे प्रयोगाने दिसले.

पुढील संशोधन वेगाने झाले. १९९३ मध्ये कोर्समायर यांच्या प्रयोगशाळेने बीसीएल-२ ला जखडून राहणारे, मृत्यूस अनुकूल असे बॅक्स हे प्रथिन शोधले. बॅक्स व त्याचे भावंड बॅक तंतुकणिकांच्या बाह्य पटलास छिद्रे पाडतात. त्यातून सायटोक्रोम-सी बाहेर पडते व पेशीचे विघटन सुरू होते. बीसीएल-२ या क्रियेस आवर घालते. त्याच वर्षी बीसीएल-२ विरहित उंदरांतील लसिकापेशी जन्मानंतर नाहीशा होत गेल्याचे आढळले. त्या उंदरांचे केसही अकाली पांढरे झाले. उलटपक्षी, मृत्यूचा संदेश देणाऱ्या बिम या प्रथिनाचा अभाव असलेल्या उंदरांत श्वेत रक्तपेशी साचून स्वप्रतिरक्षा विकार उद्भवतो, असे १९९९ मध्ये दिसून आले.

बीसीएल-२ ला निष्प्रभ करणाऱ्या व्हेनेटोक्लॅक्स या औषधास अमेरिकेत दीर्घकालीन लसिकापेशीय रक्तकर्करोगाच्या काही रुग्णांसाठी प्रथम मान्यता मिळाली ती २०१६ मध्ये, मेलबर्नच्या त्या प्रयोगानंतर २८ वर्षांनी.