झिरो माईलचा आकडा आणि कॅल्क्युलेटरचा मोड : एक धागा

१/ नागपूरच्या झिरो माईलपाशी सर्वेक्षण खात्याची १९०७ सालची मानक खूण आहे. तिची उंची १०२०.१७१ फूट. आकडा तिसऱ्या दशांशापर्यंत नेमका आहे. तरीही तो एकटा मुका आहे. ही उंची समुद्रसपाटीपासून मोजलेली आहे आणि एकक फूट आहे, हे ठाऊक असेल तरच तो बोलतो.

२/ आपल्या हातातील सायंटिफिक कॅल्क्युलेटरचेही असेच असते. ३० हा आकडा देऊन त्याचा साइन मागा. अंशाच्या मोडमध्ये उत्तर ०.५, रेडियनमध्ये उणे ०.९८८, ग्रॅडमध्ये ०.४५४. यंत्र तिन्ही वेळा अचूक आहे. चूक झालीच, तर ती पडद्याच्या कोपऱ्यातील छोटे अक्षर न वाचणाऱ्याची.

३/ हा तिसरा मोड, ग्रॅड, आला कोठून? फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातील दशमान पद्धतीतून. तेथे काटकोनाचे ९० ऐवजी १०० भाग केले गेले. विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंतचे अंतर १०,००० किलोमीटर धरले होते. म्हणजे एक ग्रॅड अक्षांश बरोबर १०० किलोमीटर. नागपूरचा अक्षांश सुमारे २१.१५ अंश, म्हणजे २३.५ ग्रॅड. विषुववृत्तापासूनचे अंतर ढोबळमानाने २,३५० किलोमीटर, तेही तोंडी हिशोबाने!

४/ भारताची मोजणी मात्र अंश, कला, विकलांतच झाली. विल्यम लॅम्ब्टनने १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणांची साखळी सुरू केली. १८१८ साली या कार्याला 'ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे' हे नाव मिळाले. जानेवारी १८२३ मध्ये, नागपूरकडे येत असताना, लॅम्ब्टनचा मृत्यू हिंगणघाट येथे झाला. त्याची कबर आजही तेथेच आहे.

५/ त्या काळी 'कम्प्युटर' हे माणसाचे पद होते. राधानाथ सिकदार १८३१ साली याच पदावर सर्वेक्षणात रुजू झाले. लॉगॅरिथमची कोष्टके हे त्यांचे यंत्र, तर बांधीव वह्या ही त्यांची मेमरी. त्या मेमरीचा एक गुण आपण विसरलो आहोत : आकड्याशेजारी तो कोणी, कोठे आणि कशाने मोजला, हेही लिहिलेले असे.

६/ लॅम्ब्टननंतर सूत्रे जॉर्ज एव्हरेस्टकडे आली. या मोजणीवरून त्याने १८३० साली पृथ्वीच्या आकाराची मापे मांडली. ती भारताच्या नकाशांची 'सेटिंग' ठरली. पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या त्याने फुटांत दिली होती. पण फुटाचे मीटर करताना वेगवेगळी गुणोत्तरे वापरली गेली. म्हणून एकाच 'एव्हरेस्ट' नावाखाली ६३,७७,२७६.३४५ आणि ६३,७७,३०१.२४३ मीटर अशी दोन्ही मूल्ये प्रचलित आहेत. फरक सुमारे २५ मीटरचा!

७/ आता यंत्राकडे वळू. १९७४ साली ह्यूलेट-पॅकार्डचा एचपी-६५ आला : १०० पायऱ्यांचा प्रोग्राम, नऊ स्मृतिकोष आणि प्रोग्राम जपण्यासाठी चुंबकीय पट्टी. यंत्र बंद केले की आतील मेमरी पुसली जाई. १९७६ च्या एचपी-२५सी मध्ये बंद केल्यावरही मेमरी टिकू लागली. सोय मोठी, पण धोकाही तेथेच जन्मला : कालचा आकडा आजच्या गणितात गुपचूप येऊन बसू लागला.

८/ कल्पना करा : एखाद्या सर्वेक्षकाने कॅल्क्युलेटरच्या एका कोषात एव्हरेस्टची त्रिज्या साठवली. पुढे जीपीएस आले. त्याचा आधार डब्ल्यूजीएस-८४, त्रिज्या ६३,७८,१३७ मीटर. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने खुल्या नकाशांसाठी हाच आधार स्वीकारला. पण कोषातला आकडा जुनाच राहिला, तर? यंत्र तक्रार करणार नाही. उत्तर दहा अंकी, देखणे आणि चुकीचे येईल. जमिनीवरची हद्द मात्र सरकेल.

९/ म्हणून जुन्या कम्प्युटरांची शिस्त नव्या यंत्रावरही पाळावी. काम सुरू करताना साइन ३० काढून पाहावा, ०.५ आले नाही, तर मोड बदलावा. मागच्या कामाचे कोष पुसावेत. पण आधी त्यांतील आकडे वहीत उतरवावेत. प्रोग्राममधून मोड ठरवण्याची सोय असेल, तर ती आज्ञा पहिल्याच ओळीत द्यावी. आणि कोणत्या कोषात कोणती राशी, कोणत्या एककात, हे कागदावर लिहून ठेवावे.

१०/ यंत्राची मेमरी आकडा जपते. त्याचा अर्थ माणसालाच जपावा लागतो. पुढच्या वेळी झिरो माईलवरून जाताना त्या १०२०.१७१ कडे पाहा. तो आजही बोलतो, कारण त्याचे एकक आणि त्याचा आधार कोणीतरी लिहून ठेवला.

(धागा समाप्त)