दऱ्या कुठे गेल्या?

शहाद्याहून घाट चढून तोरणमाळला आलं आणि सीताखाईच्या कड्यापाशी उभं राहिलं, की खाली दऱ्याच दऱ्या दिसतात. इथल्या दऱ्यांची, झऱ्यांची, पायवाटांची स्थानिक नावं जुन्या माणसांच्या आवाजात जमवण्याचं काम माझा एक मित्र करत होता. ही ध्वनिमुद्रणं एकत्र बांधून इंटरनेटशिवाय फोनवर चालणारं ॲप तयार करणारा प्रोग्राम मी लिहिला होता. मित्राच्या जुन्या मॅकवर तो नीट चालायचा. शेवटचं ॲप मात्र मी माझ्या लिनक्सवर बांधलं आणि वर घेऊन गेलो. एका आजोबांनी स्वतःचा आवाज ऐकायला मागितला. तो त्यात नव्हताच. ‘दऱ्या’ नावाचा अख्खा फोल्डर गायब होता आणि प्रोग्रामने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

पहिला संशय आला तो तिरप्या रेघेवर. फाइलचा पत्ता लिहिताना फोल्डरांच्या मध्ये युनिक्समध्ये स्लॅश येतो, विंडोजमध्ये उलटा स्लॅश. यामागे अपघात आहे. १९८१ साली आयबीएम पीसीसोबत आलेल्या डॉसमध्ये फोल्डरच नव्हते. स्लॅश तिथे आज्ञेला पर्याय जोडण्यासाठी वापरला जायचा. १९८३ साली डॉस २.० मध्ये फोल्डर आले, तेव्हा स्लॅशची जागा अडलेली होती. म्हणून उलटा स्लॅश घेतला. पण सी भाषेत आणि तिच्या वंशातल्या भाषांत उलट्या स्लॅशला वेगळाच अर्थ होता : त्याच्यापुढे रोमन ‘एन’ आला तर नवी ओळ, ‘टी’ आला तर टॅब. म्हणजे नंदुरबार आणि तोरणमाळ या नावांचे फोल्डर रोमन लिपीत करून विंडोजचा पत्ता कोडमध्ये जसाच्या तसा लिहिला, तर नंदुरबारपाशी ओळ तुटते आणि तोरणमाळचा ‘टी’ मोकळ्या जागेत विरतो. हा खड्डा मला माहीत होता. रेघा हाताने न जोडता ते काम मी पायथॉनच्या पाथलिबवर सोपवलं होतं. चूक तिथे नव्हती.

चूक होती ‘ऱ’मध्ये. युनिकोडमध्ये या अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, पण तेच ‘र’ आणि नुक्ता अशा दोन क्रमांकांनीही लिहिता येतं. युनिकोडच्या नियमानुसार ही दोन्ही रूपं समान आहेत. १९९८ साली ॲपलने आणलेली एचएफएस प्लस ही फाइलव्यवस्था नावं साठवताना अक्षरं सुटी करायची. त्यामुळे फोल्डरच्या नावात ‘र’ आणि नुक्ता होता, तर मित्राने टाइप केलेल्या यादीत अखंड ‘ऱ’. मॅक दोन्ही एकच समजायचा. लिनक्स नावातले बाइट जसेच्या तसे ताडून बघतो. त्याच्या लेखी ते दोन वेगळे फोल्डर. गिटलाही हा त्रास होताच. २०१२ साली त्यात मॅकवरची सुटी अक्षरं पुन्हा जोडून घेणारी सोय आली.

एका सहकाऱ्याने सुचवलं, नावं रोमनमध्ये कर, कटकट मिटेल. मिटली असती. पण रोमनमध्ये ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ एकच होतात. सातपुड्यात समुद्र आणायची माझी तयारी नव्हती. शिवाय हा ‘ऱ’ दुसऱ्या, शेतकऱ्याच्या, म्हाताऱ्यांनी अशा शब्दांत मराठीत पावलोपावली भेटतो. प्रोग्रामची चाचणी मीच घेतली होती, आणि मी मराठी असून चाचणीच्या सगळ्या फाइलींना इंग्रजी नावं दिली होती. दोष मॅकला देऊन सुटणार नव्हतो.

दुरुस्ती चार-पाच ओळींची निघाली. यादीतली आणि डिस्कवरची नावं ताडण्याआधी दोन्ही जोडलेल्या रूपात आणायची. काही कीबोर्ड ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह वापरून ‘ऱ्या’ उमटवतात. युनिकोडच्या नियमाने ते रूप आपोआप बदलत नाही, त्यासाठी वेगळी ओळ लिहिली. आणि सर्वांत महत्त्वाचं, यादीतली एकही फाइल सापडली नाही तर प्रोग्रामने थांबायचं आणि तिचं नाव सांगायचं. गुपचूप पुढे जायचं नाही.

तोरणमाळचा कागदोपत्री पत्ताही असाच बदलत आला आहे : आधी पश्चिम खानदेश, मग धुळे जिल्हा, १ जुलै १९९८ पासून नंदुरबार. जागा तिथेच आहे. पण जुन्या नावाखाली ठेवलेलं कागदपत्र नव्या नावाने शोधणाऱ्याला मिळत नाही, आणि न मिळालेलं नव्हतंच असं समजलं जातं.

पुढच्या फेरीत आजोबांनी स्वतःचा आवाज शेवटपर्यंत ऐकला. मग एका वाटेचं नाव मी यादीत चुकीचं लिहिलंय, असं सांगितलं. ही चूक कुठल्याच प्रोग्रामला सापडली नसती. मी तिथेच बसून ती दुरुस्त केली.