झाडाच्या आरपार

नागपूरचा झीरो माइल म्हटलं की लोकांना चार घोडे आठवतात, नाहीतर 'भारताचा मध्यबिंदू' आठवतो. मध्यबिंदूच्या वादात मी पडत नाही. त्या आवारात १९०७ सालचा एक दगड आहे, मला त्याचं जास्त कौतुक. तो उंचीचा दगड आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १,०२० फूट. आसपासची उंची मोजायची तर या दगडापासून सुरुवात करायची.

मोजणीवाल्यांचा आणि आमच्या भागाचा संबंध तसा त्याहूनही जुना. विल्यम लॅम्बटनने १८०२ साली मद्रासजवळ एक रेषा काटेकोर मोजली आणि तिच्यावर त्रिकोणांची साखळी रचत तो वर सरकत गेला. वीस वर्षांनी हैदराबादहून नागपूरकडे निघाला तो वाटेतच, हिंगणघाटला, जानेवारी १८२३ मध्ये वारला. त्याची कबर तिथेच आहे. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टकडे गेलं. हो, तोच, शिखराच्या नावातला.

या मंडळींचं सगळं काम नजरेच्या रेषेवर चालायचं. एका टेकडीवरून दुसरी दिसलीच पाहिजे. मध्ये झाड आलं तर तोडा, नाही जमलं तर मनोरा बांधून वरून बघा. जंगल म्हणजे निव्वळ अडचण. वरून जंगलातला ताप. एव्हरेस्ट त्या तापाने इतका खंगला की १८२० मध्ये त्याला हवापालटासाठी थेट आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला जावं लागलं.

पुढे जंगल मोजायलाही माणसं आली. वनखात्याची पद्धत साधी, छातीच्या उंचीवर टेप लावून खोडाचा घेर घ्यायचा. पण असं किती झाडांना मोजणार? १९७२ मध्ये लँडसॅट उपग्रह वर गेला आणि हिरवा रंग आकाशातून दिसू लागला. भारतीय वन सर्वेक्षण १९८७ पासून साधारण दर दोन वर्षांनी उपग्रहाच्या चित्रांवरून देशाचं वनाच्छादन सांगतं. त्याची व्याख्या वाचण्यासारखी आहे: एक हेक्टर किंवा जास्त जागा, आणि तिच्या १० टक्क्यांहून अधिक भागावर झाडांची सावली. जमीन कुणाची, झाड कोणतं, हा प्रश्न नाही. म्हणजे काटोलकडची मोठी संत्र्याची बाग आणि पेंचचं सागवान, दोन्ही त्या आकड्यात बसू शकतात! दाटपणाचे वर्ग वेगळे असतात, पण उंची? खाली बांबू आहे की मोकळी जमीन? ते वरच्या हिरव्या रंगातून कळत नाही. वाघाला आणि चितळाला मात्र तेच महत्त्वाचं.

इथे 'गेडी' येतं. नासा आणि मेरीलँड विद्यापीठाचं हे यंत्र डिसेंबर २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाकडे गेलं. स्थानकाला बांधलेलं, सुमारे ४०० किलोमीटर वरून जमिनीवर लेझरचे ठोके टाकतं, सेकंदाला २४२. प्रत्येक ठोक्याचा ठिपका जमिनीवर २५ मीटर रुंद. थोडा प्रकाश शेंड्यावरून परत येतो, थोडा मधल्या फांद्यांवरून, थोडा बांबूवरून आणि उरलेला फटींतून जमिनीपर्यंत जाऊन. आधी कोण आलं, मागाहून कोण आलं, एवढंच टिपायचं. एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा फरक म्हणजे उंचीत १५ सेंटीमीटरचा फरक. जंगलाचा उभा छेदच हाती येतो.

गंमत बघा, ज्या झाडाने लॅम्बटनची रेषा अडवली, त्याच झाडाच्या फटीतून ही रेषा जमिनीला शिवून परत येते, आणि येताना झाडाचीही नोंद आणते. काही तोडावं लागत नाही.

अर्थात ही जादू नाही. ठिपक्यांच्या मध्ये जागा सुटते, मग ती लँडसॅटच्या चित्रांवरून अंदाजाने भरावी लागते. २०२१ मध्ये असा जगाचा झाडांच्या उंचीचा नकाशा निघाला. डोंगरउतारावर जमीन आणि झाड यांचे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात. आणि आपल्या विदर्भातला सागवान उन्हाळ्यात पानं झाडून उभा असतो, तेव्हा वरून येणारा प्रकाश अडवायला फारसं काही उरत नाही. एप्रिलचा ठोका आणि ऑक्टोबरचा ठोका एकाच जंगलाचं वेगळं चित्र देऊ शकतात. ते ओळखायला शेवटी पायी फिरलेला, टेप लावलेला माणूसच लागतो.

तरी मला हे मोलाचं वाटतं. आपल्याकडे जंगलाचा हिशेब अजून बराचसा हेक्टरमध्ये चालतो. खाण किंवा रस्ता झाला की बदल्यात दुसरीकडे रोपं लावायची, आणि कागदावर हिरवा आकडा जुळतो. वीस मीटर उंचीचं, तीन थरांचं जुनं जंगल आणि कमरेएवढी रोपं यांतला फरक मात्र उंची मोजल्याशिवाय कागदावर उमटत नाही.

गेडी मार्च २०२३ मध्ये बाजूला ठेवलं गेलं आणि एप्रिल २०२४ मध्ये परत कामाला लागलं. त्याच्या नोंदी कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. उद्या आपल्याकडचं एखादं जंगल गेलंच, तर तिथे आधी किती उंच काय उभं होतं, हे विचारायला जागा आहे. विचारणारे मात्र आपल्यातलेच हवेत.