बंदिवासातील स्त्रिया आणि एचआयव्ही संसर्ग : मुंबई व उपनगरांच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
तुरुंगातील स्त्रियांच्या एचआयव्ही संसर्गाचा विचार बहुधा वैद्यकशास्त्राच्या अंगाने केला जातो. तथापि या प्रश्नास इतिहासाचीही बाजू आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड येथील न्यायालयांतून कच्ची कैदी म्हणून रवानगी झालेली स्त्री भायखळ्याच्या कारागृहात जाते; वेश्यागृहातून सोडविलेली स्त्री देवनारसारख्या ठिकाणच्या शासकीय सुधारगृहात ठेवली जाते. एक आरोपी, दुसरी पीडित. परंतु दोघींचेही आरोग्य शासनाच्या ताब्यात असते. प्रस्तुत लेखात या ताब्याचा आढावा घेतला आहे.

वसाहतकालीन पार्श्वभूमी :
१८६८ चा संसर्गजन्य रोग कायदा मुंबईत १८७० मध्ये लागू झाला. नोंदणी व सक्तीची तपासणी स्त्रियांवर लादली गेली; त्यांच्याकडे येणाऱ्या पुरुषांना मात्र कायद्याने हात लावला नाही. रोगी ठरलेल्या स्त्रीस लॉक हॉस्पिटलात डांबले जाई. १८७२ मध्ये स्थगित झालेला हा कायदा १८८० मध्ये पुन्हा आला व १८८८ मध्ये रद्द झाला. कायदा गेला, स्त्री हेच रोगाचे उगमस्थान ही दृष्टी मात्र टिकून राहिली.

संसर्गाचे जोखीम घटक :
दारिद्र्य, नाइलाजाने पत्करलेला देहविक्रय, बाधित जोडीदार, उपचार न झालेले गुप्तरोग आणि अत्याचार हे घटक स्त्रीच्या आयुष्यात बंदिवासापूर्वीच आलेले असतात. कोठडी त्यांत भर घालू शकते. पत्रकार शीला बर्से यांनी १९८२ मध्ये मुंबईच्या कारागृहातील पंधरा स्त्री कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. त्यावरून सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये स्त्रियांसाठी स्वतंत्र कोठड्या व महिला पोलिसांचा पहारा यांविषयी निर्देश दिले. भारतात एचआयव्हीचा पहिला शोध लागला तो त्यानंतर, १९८६ मध्ये.

सुटका की स्थानबद्धता? :
फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पोलिसांनी वेश्यावस्तीवर छापे घालून चारशेहून अधिक मुली व स्त्रियांना ताब्यात घेतले. त्यांत नेपाळी मुलींची संख्या मोठी होती. त्यांना शासकीय गृहांत ठेवून त्यांची रक्ततपासणी करण्यात आली. एचआयव्हीच्या भीतीमुळे त्यांच्या परतीचा मार्ग अधिकच बिकट झाला. अखेर स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घेतला, तेव्हा शंभराहून अधिक मुली मायदेशी जाऊ शकल्या. तपासणी झाली, पण तिच्यामागून येणारे औषध त्या काळी सर्वसामान्यांच्या आवाक्यात नव्हते. मोफत एआरटी उपचार मुंबईत जे. जे. रुग्णालयात सुरू झाले ते एप्रिल २००४ मध्ये.

उपनगरातील सांताक्रूझ येथील छाप्याच्या प्रकरणात (प्रेरणा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, २००२) उच्च न्यायालयाने सोडविलेल्या अल्पवयीन मुलींना विधिसंघर्षग्रस्त न मानता काळजी व संरक्षणाची गरज असलेली बालके मानावे, असे स्पष्ट केले.

निष्कर्ष :
१८७० ते १९९६ या प्रदीर्घ काळात तपासणी आधी आणि उपचार मागाहून, किंवा मुळीच नाही, असा क्रम दिसतो. २०१७ च्या एचआयव्ही व एड्स कायद्याने (अंमल : सप्टेंबर २०१८) हा क्रम उलटविला. संमतीविना तपासणीस मनाई झाली. कच्चे कैदी, शिक्षा भोगणारे कैदी आणि निवारागृहातील व्यक्ती या सर्वांना प्रतिबंध, समुपदेशन, तपासणी व उपचार यांचा हक्क मिळाला. भायखळा आणि देवनार येथील स्त्री कायद्याने प्रथमच एका ओळीत आली. मात्र जामीन मिळून घरी परतलेल्या किंवा सुधारगृहातून बाहेर पडलेल्या स्त्रीचे औषध खंडित न होणे, हीच या हक्काची खरी कसोटी ठरते.